पुस्तकात न सापडलेली उत्तरे

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. आजच्या जालना जिल्ह्यातल्या देहेड या खेड्यातून आलेले, नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले तरुण डॉक्टर. कोकणच्या त्या पट्ट्यात लाल विंचू उदंड. दगडगोट्यांत, पेंढ्यात, भिंतीच्या भेगांत, कुठेही दबा धरून बसलेला. नांगी लागली की माणूस घामाने निथळू लागे, हातपाय गार पडत, उलट्या सुरू होत आणि काही तासांत धाप लागून तोंडातून गुलाबी फेस येई. दगावणाऱ्यांत लहान मुले फार. उपलब्ध औषधे देऊन झाली तरी मृत्यू थांबत नव्हते आणि पाठ्यपुस्तकांतून त्यावर काही हाती लागत नव्हते.

बावस्करांनी रुग्णाच्या खाटेशी बसून नोंदी ठेवायला सुरुवात केली. दंश कधी झाला, रुग्ण दवाखान्यात कधी पोहोचला, नाडी किती, रक्तदाब किती, घाम आहे का, छातीत घरघर आहे का. आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच सगळे. रुग्णामागून रुग्ण नोंदवले गेले तसा एक क्रम दिसू लागला. विषामुळे शरीरातली अ‍ॅड्रिनलिनसारखी द्रव्ये एकदम उसळतात, रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर न पेलणारा ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी साठते. घाम, गार पडलेले हातपाय, उलट्या ही त्या संकटाची आधीच मिळणारी सूचना असते. १९८२ मध्ये ही निरीक्षणे ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. रोगाचा मार्ग कळला, तेव्हा तो अडवायचा कसा हेही सुचले. रक्तदाबावर दिली जाणारी प्राझोसिन नावाची स्वस्त गोळी नेमक्या त्याच ठिकाणी काम करते. १९८६ मध्ये तिच्या वापराचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. गंभीर विंचूदंशात पूर्वी शंभरातले चाळीसच्या घरात रुग्ण दगावत. पुढे ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरले.

या कथेचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही, पण संशोधकाची ओळख त्यातच पटते. विंचूदंशावरचे प्रतिविष उपलब्ध झाल्यावर डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ७० रुग्णांवर रीतसर चाचणी घेतली. काहींना नुसती प्राझोसिन आणि काहींना प्राझोसिनबरोबर प्रतिविष. कोणाला काय द्यायचे हे चिठ्ठी टाकल्यासारखे, डॉक्टरच्या मर्जीबाहेर ठरलेले. प्रतिविष जोडलेल्या गटाचे रुग्ण लवकर बरे झाले. हा निष्कर्ष २०११ मध्ये ‘बीएमजे’त प्रसिद्ध झाला. ज्या गोळीने नाव मिळवून दिले तिच्यापेक्षा सरस काही आहे का, हे पाहण्याची चाचणी त्याच डॉक्टरांनी लावली आणि उत्तर जसे आले तसे छापले.

आरोग्य-विज्ञानातल्या संशोधनाचा पेशा निवडू पाहणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी पुढचे विवेचन आहे. त्याच्या आरंभी बिरवाडी मुद्दाम आणली, कारण या पेशाबद्दलचे दोन समज तिथे एकदम गळून पडतात. संशोधन परदेशात होते, हा एक. कोट्यवधींच्या यंत्रांशिवाय ते होत नाही, हा दुसरा. यंत्रे लागतात आणि परदेशाशी देवाणघेवाणही लागते. परंतु सुरुवात होते ती समोरचा रुग्ण आणि हातातले पुस्तक यांचा मेळ बसत नाही तेव्हा. तो न बसलेला मेळ नोंदवून ठेवणारा आणि त्याचा पाठपुरावा करणारा माणूस म्हणजे संशोधक.

मराठी घरांत बारावीनंतर ‘मेडिकल’ या शब्दाचा अर्थ जवळपास ठरलेला असतो. नीट, एमबीबीएस, मग पीजी, मग दवाखाना किंवा हॉस्पिटल. एमबीबीएस हुकले तर बीएएमएस, बीडीएस, फार्मसी, नर्सिंग, फिजिओथेरपी. या यादीत संशोधन सहसा नसते. कोणी पीएच.डी. करतो म्हटले की ‘म्हणजे अजून शिकतोच आहे का’ असा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात. मुलगी असेल तर प्रश्न दुप्पट होतात. यामागे अनास्था कमी आणि अपरिचय जास्त आहे. डॉक्टर काय करतो हे प्रत्येकाने पाहिलेले असते. साथरोगशास्त्रज्ञ, जैवसंख्याशास्त्रज्ञ किंवा चाचणी-समन्वयक दिवसभर काय करतो हे क्वचितच कोणी पाहिलेले असते.

वास्तविक ही परंपरा महाराष्ट्राला परकी नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांना पाचारण करण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. तीच आजची हाफकिन संस्था. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला, ठपका हाफकिनवर आला आणि त्यातून निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडले. लोकांच्या जिवाशी थेट संबंध असलेल्या या कामात चूक कुठे झाली हे सिद्ध करणेही शास्त्राचेच काम असते, हा धडा या संस्थेच्या इतिहासात फार आधीपासून आहे.

त्याच परळमध्ये, सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालयाच्या परिसरात, पन्नासच्या दशकात डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे रक्ताचे काही नमुने असे आले की ते ठरलेल्या कोणत्याच गटाशी जुळेनात. नमुना बिघडला असेल म्हणून विषय सोडून देणे सोपे होते. त्यांनी तो धरून ठेवला आणि १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’मधून जगाला ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ कळला. मुंबईचेच डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा उच्चरक्तदाबावरील परिणाम तपासून १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला, आपल्याकडची जुनी वनौषधी आधुनिक मोजमापाच्या कसोटीला उतरली ती त्यांच्या या कामामुळे. १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला.

पुण्याच्या हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांचे उदाहरण तर प्रत्येक विज्ञानशाखेच्या वर्गात सांगावे असे. त्या वैद्यकीय डॉक्टर नव्हत्या. जीवशास्त्राच्या विद्यार्थिनी होत्या. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. व. रा. खानोलकरांच्या हाताखाली त्यांनी काम केले, १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी-संवर्धनाचे तंत्र शिकल्या आणि परत येऊन मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली पेशी-संवर्धन प्रयोगशाळा उभारली. १९७३ मध्ये त्यांनी सहकारी महिलांसह भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना सुरू केली. ‘एमबीबीएस नाही म्हणजे आरोग्याच्या क्षेत्रात दुय्यम’ ही समजूत खोडून काढायला त्यांचे एक आयुष्य पुरेसे आहे.

प्रयोगशाळेबाहेरच्या संशोधनाकडे वळले की गडचिरोलीला जावेच लागते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८४ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकून परतले आणि त्यांनी कामासाठी हा जिल्हा निवडला. दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून राणी बंग आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले की त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजारांपैकी काही ना काही आहे. तोवर गावातल्या बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढेच सरकारी कागदावर होते. सोसत राहिलेले दुखणे मोजले गेले, तेव्हाच ते धोरणकर्त्यांच्या नजरेला आले.

दुसरे काम बालमृत्यूंचे. लहान मुलांतल्या न्यूमोनियाची सोपी खूण म्हणजे श्वासाचा वेग: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक, त्याहून मोठ्या अर्भकाचा पन्नास किंवा अधिक, तर धोका. पण गावातल्या दाईला साठपर्यंत मोजता येत नव्हते आणि तिच्याकडे घड्याळही नव्हते. म्हणून एक साधे उपकरण तयार झाले. लाकडी पट्टीवर एका मिनिटात रिकामे होणारे वाळूचे घड्याळ, शेजारी तारेत ओवलेल्या मण्यांच्या दोन रांगा, एक तान्ह्या बाळांसाठी आणि एक मोठ्यांसाठी. बाळाच्या पोटाकडे पाहत दाईने दहा श्वास मोजायचे आणि एक मणी सरकवायचा. पुन्हा दहा, पुन्हा एक मणी. रांगेतला शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया. अक्षरओळख नसलेली बाई या पट्टीच्या आधारे निदान करू लागली आणि औषधही देऊ लागली.

पुढे नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग झाला. ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत बाळंतिणीच्या घरी जात, बाळाचे वजन करत, ऊब आणि स्तनपान पाहत, जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली तर प्रतिजैविकाचे इंजेक्शन देत. ४७ गावे तुलनेसाठी होती. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर तुलनेतल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला. खेड्यातल्या बाईने इंजेक्शन द्यावे का यावर तज्ज्ञांचे आक्षेप होते, आणि आक्षेप असणे स्वाभाविकही होते. त्यांना उत्तर मिळाले ते तुलनेच्या गावांतल्या आकड्यांमुळे. २०११ पासून आशा कार्यकर्त्यांनी नवजात बाळाच्या घरी ठरावीक दिवशी भेटी देण्याची पद्धत देशभर लागू झाली, तिची मुळे इथे आहेत. तुलनेसाठी गावे ठेवलीच नसती, तर हे काम एका चांगल्या संस्थेचे चांगले काम एवढेच राहिले असते.

आरोग्य-संशोधनाचे हे वैशिष्ट्य करिअर निवडणाऱ्याने नीट समजून घ्यावे. डॉक्टर एका रुग्णाला बरे करतो आणि त्याचे समाधान त्याच संध्याकाळी मिळते. संशोधकाला कधी कधी दहा-वीस वर्षे थांबावे लागते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम याचा उत्तम नमुना आहे. भारतात तुलनेने सडपातळ माणसांनाही मधुमेह का होतो, हा त्यांचा प्रश्न. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत स्त्रिया गरोदर राहण्याआधीपासून त्यांचा आहार, श्रम, वजन यांच्या नोंदी सुरू झाल्या. मग बाळे जन्मली. त्यांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचे साडेतीन किलो. एवढे कोणीही सांगितले असते. इथे बाळाच्या खांद्यामागची त्वचा चिमटीत धरून कॅलिपरने तिची जाडीही मोजली गेली आणि लक्षात आले की ही बाळे वजनाने, स्नायूंनी, पोटाच्या घेराने लहान असली तरी त्यांच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नाही. बारीक दिसणारे बाळ आतून चरबीदार. २००४ मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये आपला दोघांचा फोटो छापला: दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के.

त्या गावांतली मुले मोठी होत गेली आणि अभ्यास त्यांच्याबरोबर चालत राहिला. गरोदरपणी आईच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असेल, तर मुलाच्या शरीरात इन्शुलिन नीट काम करत नाही असे आढळले. मग त्याच मुलामुलींना किशोरवयात बी-१२ देऊन पुढच्या पिढीच्या बाळांवर काय परिणाम होतो हे पाहणारा प्रयोग सुरू झाला. एका अभ्यासात तीन पिढ्या. इतकी वर्षे गावाने साथ दिली, कारण मोजमाप घ्यायला येणारी ताई घरोघरी ओळखीची होती. शोधनिबंधाच्या शीर्षकाखाली नावे छापली जातात ती मोजक्यांची. पण त्या ताईच्या चिकाटीशिवाय तो निबंध लिहिलाच गेला नसता.

म्हणूनच ‘संशोधक’ हा एकच हुद्दा मानणे चुकीचे आहे. धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आणि टाटा मेमोरियलच्या साहाय्याने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा जो मोठा अभ्यास झाला, त्यात ५२ गटांतल्या गावांमधील १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश होता. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीमुळेही बळावलेला कर्करोग आणि त्याने होणारे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी झाले, हे २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने प्रसिद्ध केले. यात किती तऱ्हेची माणसे लागली असतील याचा विचार करावा. बायकांना घरातून तपासणीला आणणाऱ्या कार्यकर्त्या, नमुने घेणाऱ्या परिचारिका, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, पॅथॉलॉजिस्ट, मृत्यूचे कारण घरी जाऊन विचारणारे, नोंदी संगणकात भरणारे आणि तपासणारे, गावांचे गट कसे पाडायचे ते ठरवणारे संख्याशास्त्रज्ञ.

याच अभ्यासावर आणि मुंबईच्या वस्त्यांत झालेल्या तशाच अभ्यासावर कडक नैतिक टीकाही झाली. तुलनेच्या गटातल्या स्त्रियांना तपासणी न देता फक्त आरोग्यशिक्षण आणि नेहमीची सेवा देण्यात आली होती; कर्करोग तपासणीने टळतो हे ठाऊक असताना असे करणे योग्य होते का, असा टीकाकारांचा सवाल. गरीब देशात परवडेल अशी पद्धत खरोखर जीव वाचवते का हे आधी सिद्ध करणे गरजेचे होते आणि तेव्हाची नेहमीची सेवा तेवढीच होती, ही संशोधकांची बाजू. नव्या संशोधकाने हा वाद दोन्ही बाजूंनी वाचलाच पाहिजे. संमतिपत्रावरचा अंगठा म्हणजे संमती नव्हे. रुग्णाला त्याच्या भाषेत, घाई न करता सांगणे, ‘नाही’ म्हणायची मोकळीक देणे, नाही म्हटल्यावरही त्याच्या उपचारात फरक न पडू देणे हे या पेशाचे रोजचे काम आहे. आज प्रत्येक औषध-चाचणीची नोंद भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत आधी करावी लागते, नैतिकता समितीची मंजुरी लागते, २०१९ चे नवे नियम लागू आहेत. या समित्यांवर सामान्य नागरिकाच्या बाजूने बोलणारा सदस्यही असावा लागतो. ही व्यवस्था सांभाळणे हेसुद्धा एक करिअर आहे.

प्रयोगशाळेच्या दिशेने पाहिले तर अलीकडचे ठळक उदाहरण रक्ताच्या कर्करोगावरील ‘नेक्सकार१९’ या उपचाराचे. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी काढायच्या, त्यांच्यात जनुकीय बदल करून कर्करोगाच्या पेशी ओळखायला शिकवायचे आणि त्या परत शरीरात सोडायच्या. आयआयटी मुंबईत डॉ. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत त्याची घडण झाली, टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी रुग्णांवर चाचण्या केल्या आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. परदेशात काही कोटींना पडणारा उपचार सुमारे दहाव्या हिश्श्यात आला. तरी तो लाखोंच्या घरातच आहे, आणि तो आणखी स्वस्त कसा होईल हा प्रश्न पुढच्या तुकडीसाठी उरलेला आहे. आयआयटीत जीवशास्त्र चालते हेच अनेक पालकांना माहीत नसते.

आता वाटांविषयी. एमबीबीएस किंवा बीडीएसच्या विद्यार्थ्याला शिकता शिकता संशोधनाची चव घेता येते ती भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, अल्पमुदतीच्या विद्यार्थीवृत्तीतून. १९७९ पासून ती चालू आहे: एक गाइड, एक छोटा प्रश्न, दोन महिने आणि शेवटी अहवाल. एमडी-एमएस करताना प्रबंध सक्तीचाच असतो. तो ‘उरकून’ टाकायचा की त्यातून काही शिकायचे हे विद्यार्थ्याच्या आणि गाइडच्या हाती. विज्ञान शाखेतून येणाऱ्यांसाठी एम.एस्सी.नंतर सीएसआयआर-यूजीसी नेटसारख्या परीक्षांतून मिळणारी ज्युनिअर रिसर्च फेलोशिप हा राजमार्ग. संख्याशास्त्राच्या पदवीधराला या क्षेत्रात किती मागणी आहे हे कॉलेजांत फारसे सांगितले जात नाही. सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात घेता येते, तीही एमबीबीएस नसताना. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम पाहते. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था, परळची प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्था, खारघरचे टाटा मेमोरियलचे ‘अ‍ॅक्ट्रेक’: एवढ्या संस्था एका राज्यात असणे हे इथल्या मुलांचे भाग्य आहे.

पैशाचे बोलणे टाळून चालणार नाही. जानेवारी २०२३ पासून ज्युनिअर रिसर्च फेलोला महिन्याला ३७,००० रुपये आणि सिनिअरला ४२,००० रुपये, अधिक नियमाप्रमाणे घरभाडे भत्ता, असा दर आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्था आपापल्या प्रवर्गांतल्या पीएच.डी. विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात आणि तिच्या जोरावर शेतमजुरांच्या घरातली मुलेही प्रयोगशाळेत पोहोचली आहेत. मात्र रक्कम वेळेवर येईलच असे नसते. कित्येकदा महिने लोटतात. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे सहज जातात. प्रकल्पावरच्या नोकऱ्या प्रकल्प संपला की संपतात. त्याच वयाचा वर्गमित्र तोवर दवाखाना थाटून बसलेला असतो किंवा आयटीत बस्तान बसवून फ्लॅटचे हप्ते भरत असतो. ज्यांच्यावर घर अवलंबून आहे त्यांनी हा हिशेब आधी मांडावा, आणि पालकांनीही तो मुलाच्या कमकुवतपणाचा पुरावा मानू नये.

पैशाखेरीज दुसरी परीक्षा गाइडची. चांगला गाइड विद्यार्थ्याला प्रश्न विचारायला शिकवतो, पेपरवर त्याचे नाव योग्य जागी ठेवतो, अपयशी प्रयोगाची वही फेकून देऊ देत नाही. वाईट गाइड आयुष्याची उमेदीची वर्षे खाऊ शकतो. संस्थेच्या नावापेक्षा गाइडच्या आधीच्या विद्यार्थ्यांना भेटून चौकशी करणे कितीतरी जास्त उपयोगाचे असते. आणि संख्येच्या मागे लागून पैसे भरून कुठेही छापून देणाऱ्या बनावट जर्नलांपासून चार हात लांब राहावे. अशा पेपरांनी बढती मिळाली तरी रुग्णाला काही मिळत नाही.

पुढील प्रकरणांत या सगळ्या वाटा एकेक करून येतात: प्रश्न कसा निवडावा, प्रोटोकॉल कसा लिहावा, नमुना किती मोठा हवा, नैतिकता समितीपुढे काय मांडावे, फेलोशिपचे अर्ज कधी करावेत, पेपर परत आला तर काय करावे. ती वाचताना वाचकाने आपल्या आसपासचे प्रश्न डोळ्यांपुढे ठेवावेत. विदर्भातल्या आणि सातपुड्यातल्या सिकलसेलच्या मुलांना हायड्रॉक्सियुरिया कमी मात्रेत दिले तरी उपयोग होतो हे नागपुरातल्या बालरोगतज्ज्ञांनी अभ्यासून दाखवले. ते औषध दुर्गम पाड्यावरच्या मुलापर्यंत अखंड कसे पोहोचवायचे, हे शोधायचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतला. आपल्याकडचे प्रतिविष बऱ्याच अंशी तमिळनाडूत गोळा केलेल्या विषापासून बनते आणि प्रांताप्रांतांत नागाचे विष बदलते, तेव्हा महाराष्ट्रातल्या नागाला ते कितपत पुरते, हेही तपासायचे आहे. ऊसतोडीच्या फडावर उन्हात राबणाऱ्या बायकांच्या मूत्रपिंडांवर आणि गर्भाशयांवर काय बेतते, याच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी हव्या आहेत. यांतला कोणताही प्रश्न घ्यायला बीड, नंदुरबार किंवा गोंदियाच्या विद्यार्थ्याला आधी परदेशी जावे लागत नाही; जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या जनऔषधवैद्यकशास्त्र (कम्युनिटी मेडिसिन) विभागात जाऊन, तिथल्या प्राध्यापकांकडे कोणता अभ्यास चालू आहे आणि त्यात नोंदी घ्यायला माणूस हवा आहे का, एवढे विचारून सुरुवात करता येते.